नवीन माणूस लाइनवर रुळवायचा कसा? लाइन सुपरवायझरसाठी पहिल्या ९० दिवसांचा क्रम

सोमवारी सकाळी एचआरकडून दोन नवी मुलं कारखान्यातल्या उत्पादन लाइनवर येतात. लाइन आधीच दोन माणसांनी कमी असते. सुपरवायझर त्यांना जुन्या ऑपरेटरशेजारी उभं करतो, ‘बघ आणि शिक’ म्हणतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर उत्पादनाचा पूर्ण आकडा मागतो. पंधरा दिवसांत एक जण गेट पास जमा करून निघून जातो, दुसऱ्याच्या स्टेशनवरचं (लाइनवर ठरलेल्या कामाच्या जागेवरचं) रिजेक्शन वाढत जातं आणि मीटिंगमध्ये ठरलेलं वाक्य येतं: ‘हल्लीच्या पोरांना कामच करायचं नाही.’

औद्योगिक वसाहत चाकणची असो, वाळूजची असो, अंबडची असो की बुटीबोरीची, हे चित्र सगळीकडे दिसतं. माणूस चुकीचा निवडला असंही कधी कधी होतं, पण बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. आकडा आधी मागितला जातो आणि शिकवणं नंतरसाठी राहतं.

नवीन माणूस कामावर कशामुळे रुळतो, यावर झालेल्या अभ्यासांतल्या कर्मचाऱ्यांच्या ७० नमुन्यांचे निष्कर्ष २००७ साली एकत्र तपासले गेले. त्यात तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: आपलं काम नेमकं कोणतं हे कळणं, ते आपल्याला जमेल असा विश्वास येणं आणि सोबतच्यांनी आपल्याला सामावून घेणं. पुढची कामगिरी, समाधान आणि नोकरीत टिकणं यांचा या तिन्हींशी संबंध दिसतो. आता यातली कोणती गोष्ट एचआरच्या दोन तासांच्या इंडक्शनमध्ये होऊ शकते? एकही नाही. तिन्ही घडतात त्या लाइनवर, म्हणून हा लेख सुपरवायझरसाठी आहे.

## तयारी: माणूस येण्याच्या आठवडाभर आधी

### १. एकच स्टेशन ठरवा आणि त्याचं काम कागदावर उतरवा

नवीन माणसाला पहिल्या महिन्यात कोणत्या एका स्टेशनवर ठेवायचं ते आधीच ठरवा. ‘जिथे गरज पडेल तिथे’ हे उत्तर चालणार नाही. रोज वेगळ्या जागी उभा राहणाऱ्याला काम कळतही नाही आणि जमतही नाही.

मग त्या स्टेशनचं काम एका पानावर तीन रकान्यांत लिहा: काय करायचं, कसं करायचं, तसंच का करायचं. भिंतीवरची एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) याची जागा घेऊ शकत नाही. ती ऑडिटसाठी लिहिलेली असते आणि तिसरा रकाना तिच्यात बहुधा नसतोच.

चार बोल्टने ब्रॅकेट बसवण्याचं साधं काम घ्या. जुना ऑपरेटर सांगेल, ‘ब्रॅकेट ठेवायचा, बोल्ट मारायचे, टॉर्क द्यायचा.’ पण त्याचे हात बारकाईने पाहिले तर वेगळंच दिसतं:

- ब्रॅकेट लोकेटिंग पिनवर पूर्ण बसवतो आणि बोटाने दाबून हलत नाही ना ते पाहतो. ब्रॅकेट अर्धवट बसला तर भोकं जुळत नाहीत.
- प्रत्येक बोल्टचे पहिले दोन-तीन आटे हातानेच चढवतो. थेट बोल्ट आवळायची गन लावली तर बोल्ट तिरका चढतो, आटे मरतात आणि अख्खा पार्ट स्क्रॅपमध्ये जातो.
- बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळतो. एका बाजूने आवळत गेलं तर ब्रॅकेट तिरका बसतो.
- टॉर्क रेंचचा (ठरलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळायच्या पान्याचा) एक ‘टक्’ आवाज आला की थांबतो. खात्रीसाठी पुन्हा ओढलं तर ठरल्यापेक्षा जास्त ताण बसतो.
- मार्करची खूण ‘टक्’नंतरच करतो. आधी चारही खुणा करून मग टॉर्क देत गेलं तर एखादा बोल्ट सुटतो आणि खुणेमुळे तो टॉर्क दिलेलाच वाटतो.

‘का’चा रकाना भरायला सर्वात जास्त वेळ लागतो आणि शिकवताना सर्वात जास्त उपयोग त्याचाच होतो. कारण माहीत असलेला माणूस घाईतही पायरी गाळत नाही. त्यामुळे हा कागद ऑफिसात बसून लिहू नका. स्टेशनवर उभं राहून, चालू काम पाहत लिहा.

### २. शिकवणारा निवडा

सर्वात वेगवान ऑपरेटर चांगला शिकवेलच असं नाही. त्याच्या हातांना काम इतकं सवयीचं झालेलं असतं की मधल्या पायऱ्या तो सांगायलाच विसरतो. ज्याचं रिजेक्शन कमी आहे, जो दोनदा विचारलं तरी वैतागत नाही आणि ज्याला शिकणाऱ्याची भाषा येते, असा माणूस घ्या. बिहार किंवा ओडिशाहून आलेल्या मुलाला मराठीत भराभर सांगून त्याने मान हलवली, याचा अर्थ त्याला कळलं असा होत नाही.

शिकवणाऱ्याचा आकडा त्या आठवड्यापुरता कमी करा आणि ते शिफ्ट इनचार्जला आधी सांगून ठेवा. तुम्ही हे केलं नाही, तर तो शिकवणं सोडून आकडा पूर्ण करेल. त्यात त्याचा दोष नाही.

### ३. सामान आणि जागा

त्याच्या मापाचे सेफ्टी शूज, हातमोजे, लॉकर, पंचिंग कार्ड, कॅन्टीन कूपन आणि बसचा थांबा या गोष्टी आधी तयार ठेवा. लाइनवर पहिल्यांदाच महिला येणार असतील तर स्वच्छतागृह किती लांब आहे, तिथे जायला स्टेशन कोण सांभाळेल आणि शिफ्ट सुटल्यावर बस कुठपर्यंत सोडते, हेही आधी पाहून घ्या. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत ना आणि ते सदस्य अजून कंपनीत आहेत ना, हे तपासा.

पुढे जाण्याआधी तपासा: स्टेशन ठरलं? तीन रकान्यांचा कागद तयार आहे? शिकवणाऱ्याला स्वतःला माहीत आहे की तो शिकवणार आहे? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर रुजू होण्याची तारीख दोन दिवस पुढे ढकललेली परवडते.

## पायरी १: पहिला दिवस

पहिल्या दिवशी उत्पादन मागू नका. त्या दिवशी चारच गोष्टी व्हायला हव्यात.

पहिली, नावाने ओळख. ‘हा नवीन ट्रेनी’ असं न म्हणता नाव घेऊन आजूबाजूच्या चार-पाच जणांशी ओळख करून द्या. वयाने मोठा माणूस नवीन म्हणून आला असेल तर त्याला ‘तुम्ही’च म्हणा. चाळिशीच्या माणसाला पंचवीस वर्षांच्या टीम लीडरने पहिल्याच तासाला ‘अरे-तुरे’ केलं, तर ते सावरायला महिने जातात.

दुसरी, त्याचं काम पूर्ण पार्टमध्ये कुठे बसतं ते दाखवणं. लाइनच्या शेवटी घेऊन जा, तयार पार्ट हातात द्या आणि त्याचा ब्रॅकेट सैल राहिला तर गाडीत पुढे काय होईल ते सांगा. याला दहा मिनिटं लागतात.

तिसरी, सुरक्षितता. इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे ते सांगून सोडू नका. मेंटेनन्सला विचारून, मशीन सुरक्षित स्थितीत असताना ते बटण त्याला स्वतःच्या हाताने दाबायला लावा. भीती वाटल्यावर दाबलं तर कोणी ओरडणार नाही, हे त्याच वेळी सांगा.

चौथी, जेवण. पहिल्या दिवशी त्याला कॅन्टीनला कोण घेऊन जाणार, ते नाव ठरवून द्या. ही गोष्ट अनेकांना किरकोळ वाटते, मला वाटत नाही. परभणी किंवा वाशिमहून आलेला, रूमवर अनोळखी पोरांबरोबर राहणारा मुलगा कॅन्टीनच्या रांगेतही एकटाच उभा राहिला, तर संध्याकाळी घरी फोनवर काय सांगेल याचा विचार करा.

इशारा: पहिल्याच दिवशी सगळे नियम, सगळे फॉर्म आणि सगळी मशीनं दाखवू नका. पीएफ आणि बँकेची कागदपत्रं एचआरने दुसऱ्या दिवशी घेतली तरी चालतात.

## पायरी २: दुसरा ते सातवा दिवस, शिकवण्याचा क्रम

इथे चार टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

तयार करणं. त्याने आधी कुठे काय काम केलंय ते विचारा. आयटीआय फिटर असेल तर टॉर्क म्हणजे काय ते सांगण्यात वेळ घालवू नका, थेट स्टेशनवर या. त्याला समोर उभं न करता तुमच्याच बाजूला घ्या. समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं.

दाखवणं. काम तीनदा करून दाखवा. पहिल्यांदा फक्त पायऱ्या, दुसऱ्यांदा ‘कसं’, तिसऱ्यांदा ‘का’. तिन्ही एकदम सांगितलं तर डोक्यात काहीच राहत नाही. लाइनच्या वेगाने नाही, सावकाश करा.

करून घेणं. आधी त्याला न बोलता काम करू द्या. चूक होताना दिसली की तिथेच थांबवा, चुकीचा हात पक्का होऊ देऊ नका. मग काम करता करता त्यालाच बोलायला लावा.

हा टप्पा हमखास गाळला जातो. सुपरवायझर विचारतो, ‘समजलं का?’ मुलगा म्हणतो, ‘हो सर.’ दुसरं उत्तर तो देऊच शकत नाही, नवीन माणूस ‘नाही’ म्हणायला धजावत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘आता मी नवीन, तू मला शिकव. पहिले आटे हाताने का चढवायचे?’ त्याने ‘का’ स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर समजलं. ‘तुम्ही सांगितलं म्हणून’ असं म्हणाला तर मागच्या टप्प्यावर परत जा.

सोडणं, पण लक्ष ठेवणं. त्याला एकट्याला काम द्या आणि अडलं तर कोणाला विचारायचं ते एकच नाव सांगा. एकट्याने काम करण्याच्या पहिल्या दिवशी दर तासाला, नंतर शिफ्टमध्ये दोनदा आणि पुढे एकदा चक्कर मारा. या फेऱ्या बंद करण्याची घाई नको.

तपासणी: सलग २० पार्ट, सगळ्या पायऱ्या क्रमाने, एकही न गाळता. वेळ मोजू नका. हे जमलं की स्किल मॅट्रिक्समध्ये (कोणाला कोणतं स्टेशन किती येतं ते वर्तुळं भरून दाखवणाऱ्या तक्त्यात) त्याच्या वर्तुळाचा अर्धा भाग भरा, म्हणजे ‘देखरेखीखाली काम करतो’. ऑडिट आहे म्हणून आधीच पाऊण भरून ठेवलेली वर्तुळं मी फार पाहिली आहेत. त्या भरवशावर पुढचा शिफ्ट इनचार्ज त्या मुलाला एकटं उभं करतो, आणि बोट सापडतं ते अशाच वेळी.

## पायरी ३: दुसरा ते चौथा आठवडा, गती

आता आकड्याकडे या. आधी गुणवत्ता पक्की, मग गती. साधारण असा क्रम ठेवता येतो: दुसऱ्या आठवड्यात पूर्ण आकड्याच्या निम्मा, तिसऱ्यात पाऊण, चौथ्याच्या अखेरीस पूर्ण. काम किचकट असेल तर हा काळ वाढवा.

उद्दिष्ट स्पष्ट आकड्यात सांगा. ‘जमेल तेवढं कर’ हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्याने काम वाढत नाही. ठरावीक आणि थोडं आव्हानाचं उद्दिष्ट दिलं की कामगिरी सुधारते, हे अनेक दशकांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्याला एक अट मात्र आहे. काम अजून शिकायचंच असताना आकड्याचं उद्दिष्ट दिलं की माणूस पद्धत सोडून आकड्याच्या मागे लागतो. म्हणून पहिल्या आठवड्याचं उद्दिष्ट ‘एकही पायरी गाळायची नाही’ आणि दुसऱ्यापासून ‘तासाला इतके पार्ट’.

इशारा: पहिल्या महिन्यात नाईट शिफ्ट देऊ नका. शिकवणारा सोबत नसतो, मेंटेनन्स आणि क्वालिटीची माणसं कमी असतात आणि झोपेची सवय बदललेली असते. ओटीही (ओव्हरटाइम) शक्यतो टाळा. ‘त्याने स्वतःच मागितलं’ हे कारण धरू नका, पैशाची गरज प्रत्येकालाच असते.

### पहिली चूक झाली की

नवीन मुलाच्या हातून पहिला पार्ट बिघडतो आणि तो स्वतः येऊन सांगतो. पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता, यावर तो पुढे कधी काही सांगेल की नाही हे ठरतं. सगळ्यांसमोर ओरडलात तर दुसरा पार्ट तो रिजेक्शनच्या लाल पेटीत टाकणार नाही, चांगल्यात मिसळेल. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधाच्या चुकांवर एक अभ्यास झाला. ज्या टीममध्ये एकमेकांशी आणि प्रमुखाशी संबंध चांगले होते, तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे चूक सांगायला लोक कचरत नव्हते, हे त्याचं कारण असावं, असं पुढच्या निरीक्षणातून दिसलं. म्हणून नवीन माणूस आल्यावर त्या स्टेशनच्या नोंदी थोड्या वाढल्या तर घाबरू नका. नोंद शून्य आणि ग्राहकाकडून तक्रार, ही जोडी दिसली तर मात्र घाबरा.

सांगायला आला की आधी ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. मग पार्ट हातात घेऊन दोघांनी मिळून कोणती पायरी सुटली ते शोधा. तो पार्ट टॅग लावून बाजूला ठेवायला त्यालाच सांगा.

## पायरी ४: पहिला पगार

सुपरवायझर हा विषय एचआरवर सोडून देतात आणि इथेच माणसं गळतात. जॉइन होताना ‘१५ हजार’ ऐकलेलं असतं, हातात कमी येतात आणि कंत्राटदाराने पैसे खाल्ले असं वाटू लागतं.

पगाराच्या आठवडाभर आधी कागदावर हिशेब करून दाखवा. सगळा पगार बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरला तर १५,००० वर पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के म्हणजे ११३, आणि पुरुष कर्मचाऱ्याचा महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १२,८८७. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापत असतील तर तेही मांडा. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं, त्याचा हिशेब वेगळा होतो.

कापलेले पैसे कुठे जातात तेही सांगा. पीएफचा यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) त्याच्याच मोबाइलवर उघडून द्या. ईएसआयसीत उपचाराची सोय नोकरीला लागल्या दिवसापासून असते आणि कुटुंबालाही मिळते, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. गावाकडे आई आजारी असलेल्या मुलाला ही माहिती किती मोलाची आहे, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. महिन्याच्या मधे रुजू झालेल्याला पहिला पगार कमी दिवसांचा येईल हेही आधीच सांगून ठेवा.

तपासणी: पगार झाल्यावर स्वतः विचारा, ‘हिशेब बरोबर आला का?’ चूक निघाली तर त्याला एचआरच्या खिडकीवर एकटं पाठवू नका, सोबत जा.

## पायरी ५: बोलायचं कसं

फीडबॅक दिला म्हणजे काम सुधारतं, असं सगळे धरून चालतात. १९९६ साली यावरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र अभ्यास झाला, तेव्हा सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरली होती. बोलणं कामावरून हटून माणसावर घसरलं की असं होतं, असं त्या अभ्यासकांनी मांडलं.

म्हणून ‘तुझं लक्ष नसतं’ असं म्हणू नका. ‘सकाळपासून तीन पार्टवर दुसऱ्या बोल्टची खूण नाही, चल बघू’ असं म्हणा. चुकीचं एकट्याला सांगा आणि त्याच शिफ्टमध्ये सांगा. महिनाभर साठवून ठेवलेल्या तक्रारी एका बैठकीत ओतणं हा अन्याय आहे. ‘तो पाटील बघ कसा करतो’ ही तुलनाही टाळा. त्यात नवीन माणूस दुखावतो आणि पाटीलही एकटा पडतो.

### ‘आपला माणूस’

हा भाग कटू आहे, पण तो टाळून नेतृत्वाबद्दल बोलता येत नाही. १९९३ सालच्या एका अभ्यासात नवीन कर्मचारी आणि त्यांचे वरिष्ठ यांच्या पहिल्या पाच दिवसांतल्या एकमेकांकडून असलेल्या अपेक्षा नोंदवल्या गेल्या. दोन आणि सहा आठवड्यांनंतरचं नातं कसं असेल याचा अंदाज त्यावरून बांधता आला. म्हणजे काम नीट दिसण्याआधीच आपलं मत बनलेलं असतं. आपल्याकडे ते गाव, जात, भाषा आणि कोणाच्या ओळखीने आला यावरूनही बनतं. मग सोपं स्टेशन, ओटी आणि सुट्टी त्याच ओळीने वाटली जाते, आणि बाकीचे ते रोज पाहत असतात.

यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो: ओटी, सुट्टी आणि स्टेशन बदलाची नोंद वहीत ठेवा आणि महिन्याच्या शेवटी नावं मोजा. एकच नाव वारंवार येत असेल तर पुढच्या महिन्यात क्रम बदला.

## पायरी ६: ३०, ६० आणि ९० दिवसांची भेट

प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं, लाइनपासून बाजूला, बसून.

३० दिवसांनी: काम कळलं का? कोणती पायरी अजून अवघड जाते? रूम, बस, जेवण ठीक आहे का? आणि ‘अडलं तर कोणाला विचारतोस?’ कोणाचंच नाव सांगता आलं नाही, तर तो अजून कोणाचा झालेला नाही. ६० दिवसांनी दुसऱ्या स्टेशनचं शिक्षण सुरू करा, पुन्हा पायरी २ पासून, काहीही न गाळता. ९० दिवसांनी कागदावर नोंद: कोणती स्टेशनं स्वतंत्रपणे येतात, पुढे काय शिकवायचं, आणि कंत्राट संपणार असेल तर कंपनीचा विचार काय आहे. याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तसं सांगा. ‘बघू, होईल पर्मनंट’ हा शब्द देऊ नका.

## काम कमी पडतंय? कारण शोधण्याचा क्रम

‘माणूस चालत नाही’ असा शेरा लिहिण्याआधी तीन प्रश्न, याच ओळीने.

त्याला करू दिलं जातंय का? मटेरियल वेळेवर येतं का, फिक्स्चर (पार्ट धरून ठेवणारा साचा) झिजलंय का, रेंचचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) कधी झालं, आधीच्या स्टेशनवरून पार्ट कसा येतो? तासाभर त्याच्या शेजारी उभं राहून पाहा. कमी पडलेल्या आकड्यातला बराच भाग इथेच सापडतो.

त्याला येतंय का? तीन रकान्यांचा कागद काढा आणि त्यालाच शिकवायला लावा. ‘का’ अडखळलं की पायरी २.

त्याला करायचंय का? हा प्रश्न शेवटी, आणि तोही आरोप म्हणून नाही. घरची अडचण, रूमवरची भांडणं, पगारातली न सुटलेली शंका, टीममधला कोणीतरी देत असलेला त्रास असं काहीही असू शकतं. त्रासाची गोष्ट निघाली तर ती स्वतःजवळ ठेवू नका, त्याच दिवशी योग्य समितीकडे किंवा एचआरकडे पोचवा.

बहुतेक सुपरवायझर तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं स्वतःकडे बोट दाखवतात. तिन्ही तपासून, लेखी मुदत देऊन आणि पुन्हा शिकवूनही फरक पडला नाही, तर माणूस त्या कामाला योग्य नाही असं म्हणा. तेव्हाही आधी दुसरं स्टेशन देऊन पाहा. बारीक असेंब्लीत अडणारा मुलगा पॅकिंगमध्ये किंवा स्टोअरला उत्तम काम करताना अनेकदा दिसतो.

आणि कोणी ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर त्याला आठवडाभराने फोन करा. हिशेब पूर्ण झाल्यावर माणूस खरं कारण सांगतो. ते कारण तीन रकान्यांच्या कागदाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पुढचा माणूस येण्याआधी आठवडाभर तो कागद तुम्ही पुन्हा काढणारच आहात.